झुलत्या पुलाची चाचणी

मास्तर घर विकून कायमचे मुलीकडे राहायला जाणार, ही बातमी काटेकोरांना बायकोने गॅलरीत कपडे वाळत घालता घालता दिली, आणि काटेकोरांच्या हातातला चिमटा सुटून थेट खालच्या मजल्यावर बँकवाल्यांच्या कुंडीत पडला.

एरवी काटेकोरांच्या हातून काही पडत नाही. पाणीपुरवठा खात्यात पाण्याचे मीटर तपासायच्या टेबलावर हा माणूस निवृत्त होईपर्यंत बसला. टाकीतून मोजून पाणी सोडायचं, ते खात्याच्या प्रमाण मीटरमधून आणि तपासायच्या मीटरमधून एकापाठोपाठ न्यायचं, आणि दोन्ही काटे जुळतात का ते बघायचं. जुळले तर पास, नाही जुळले तर नापास. मधलं काही नाही. एका बड्या कारखानदाराने एकदा "साहेब, काटा जरासा मागे राहिला तर कुणाचं काय बिघडतं?" असं लाडीगोडीने विचारलं होतं. काटेकोरांनी त्याला चहा पाजला, त्याचा मीटर नापास केला आणि जिन्यापर्यंत सोडायलाही गेले. मित्रांनी 'काटेकोर' हे नाव ठेवलं ते उगीच नाही. खरं नाव आठवायला आता बायकोलाही जरा वेळ लागतो, पण तिचं 'अहो'वर भागतं.

"कधी जाणार?" काटेकोरांनी विचारलं.

"महिनाअखेरीला. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून मुलगी हात धुऊन मागे लागली होती. बायको गेल्यापासून ते नुसते भिंतींशी बोलतात. जाऊ देत की हो, तिकडे नातवंडं आहेत."

"जाऊ दे, जाऊ दे. पण मग आमचा खेळ?"

"कुठला खेळ?"

"तोच. आपल्या लग्नामुळे बंद पडला तो."

बायकोने ओला टॉवेल असा काही झटकला की काटेकोरांच्या चष्म्यावर तुषार उडाले. "माझ्यामुळे काय काय बंद पडलं ते एकदाचं सांगून टाका. काय काय चालू राहिलं ते मग मी सांगते."

हा खेळ म्हणजे पत्ते नव्हेत आणि बुद्धिबळ तर मुळीच नव्हे. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "समोर दरी आहे, काय करता?" असं तो विचारतो, "उडी मारतो," असं आपण म्हणतो, आणि उडी जमली की नाही हे फासे ठरवतात. कोणत्या उडीला किती दान पडायला हवं, कुणाच्या अंगात किती बळ, किती जखमा झाल्या की माणूस मेला, या सगळ्याचं नियमांचं एक पुस्तक असतं. त्याला म्हणायचं सिस्टीम. अशा सिस्टिमी जगात शेकड्यांनी आहेत हे काटेकोरांना तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पुढचं महाभारत टळलं असतं.

तरुणपणी त्यांना, म्हणजे काटेकोर, मास्तर, दातवाले आणि प्रेसवाले या चार मित्रांना, माहीत होती ती एकच. दातवाल्यांचे मामा बोटीवर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून ते पुस्तक आणलं. येतानाच त्याला कव्हर नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव काय हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, आणि तेव्हा कुणी विचारलंही नाही. प्रेसवाल्यांच्या वडिलांचा छापखाना होता. रविवारी मशीन बंद, मग मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांवर चौघं बसत. शाईचा आणि रॉकेलचा वास, उंचावर एक खिडकी, बाहेर कुणाचा तरी रेडिओ. दातवाले तेव्हा दातांचं शिकत होते. त्यांच्या पिशवीत प्लास्टरची कवळी असे, ती राक्षस म्हणून मधोमध ठेवायची. मास्तर नुकतेच शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. गोष्ट सांगायचं काम त्यांचं, कारण डोंगर, नद्या आणि खिंडी त्यांच्या जिभेवर असत. शाळेचा जाडजूड नकाशासंग्रह पुढ्यात उभा करून त्याच्यामागे ते फासे टाकत. फाशांचा संच एकुलता एक, आणि बाकीच्यांच्या हाती दिला की फासा हमखास मशीनखाली जायचा. म्हणून सगळ्यांच्या वतीने मास्तरच टाकत आणि काय पडलं ते सांगत.

त्यातला झुलत्या पुलाचा रविवार तर काटेकोरांना काल घडल्यासारखा आठवतो. प्रेसवाल्यांचा चोर आणि दातवाल्यांचा मांत्रिक केव्हाच पलीकडे पोचले होते. काटेकोरांचा शिलेदार मागे राहिला, कारण म्हाताऱ्या घोड्याला सोडून यायला तो तयार नव्हता. मागे शत्रू, खाली दरी, आणि अर्ध्या वाटेवर एक दोर तुटला. मास्तरांनी नकाशांमागे फासा टाकला. "सावरलास," म्हणाले. दुसरा दोर तुटला. "सावरलास." एका फळीतून घोड्याचा पाय खाली गेला. मास्तरांनी फासा टाकला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काठावर आलास रे, घोड्यासकट!" प्रेसवाले इतके नाचले की शिशाच्या अक्षरांची पेटी उपडी झाली, आणि उरलेली संध्याकाळ चौघांनी जमिनीवर रांगत अक्षरं वेचण्यात घालवली. इतकं हसून काम केल्याचं काटेकोरांना पुढे आठवत नाही. पुढे नोकऱ्या आल्या, लग्नं आली, छापखाना विकला तेव्हा ते पुस्तक रद्दीत गेलं. पण काटेकोरांचं ठाम मत बनलं होतं की जगात अशी सिस्टीम दुसरी नाही. इतकी वर्षं खेळले, काट्याच्या टोकावर खेळले, सगळं नियमाने, आणि तरी एकही गडी मेला नाही. अशा तोलाचं यंत्र त्यांनी खात्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तर ठरलं असं की मास्तर जायच्या आत एक रविवार पुन्हा खेळायचं. सिस्टीम आपण तपासून, शिक्का मारून तयार ठेवायची आणि ती मास्तरांच्या हातात द्यायची. तोवर त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. ते बिचारे सामानाच्या खोक्यांत बुडालेले. काम म्हणजे काय, एक पुस्तक निवडायचं. एखादी दुपार फार झाली, असं काटेकोर बायकोला म्हणाले. बायको नुसती "बरं," म्हणाली. या 'बरं'चा अर्थ इतक्या वर्षांत त्यांना कळायला हवा होता.

पहिल्या बैठकीला दातवाले आणि प्रेसवाले आले. दातवाल्यांना भरपूर बोलाचाली असलेली सिस्टीम हवी होती. "जन्मभर मी एकटा बोललो," ते कळवळून म्हणाले. "समोरच्याचं तोंड कायम उघडं, पण त्यातून उत्तर नाही. मला आता कुणीतरी उलट बोललं पाहिजे." प्रेसवाल्यांनी तर दुकानातून आणलेलं पहिलंच पुस्तक हातात घेतलं, नाकाला लावलं, बांधणी ताणून पाहिली, पाचव्या पानावर मुद्रणदोष काढला आणि मिटून ठेवलं. "ज्याला प्रूफ तपासता येत नाही तो नियम काय तपासणार?" काटेकोरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि स्वतःची पद्धत मांडली. सिस्टीम आणि मीटर यांत फरक काही नाही. दोघांतून एकच माप सोडायचं आणि प्रमाणाशी ताडून बघायचं. माप म्हणजे झुलता पूल. तोच पूल, तेच दोर, तोच घोडा. जी सिस्टीम जुन्यासारखाच निकाल देईल ती पास.

"आणि फासे?" प्रेसवाल्यांनी विचारलं.

"उघड्यावर. टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमक्ष. पंचनामा पारदर्शक पाहिजे."

गोष्ट सांगायला काटेकोर स्वतः बसले, शिलेदारही त्यांनीच चालवायचा ठरला, आणि रिकाम्या चौथ्या खुर्चीवर त्यांनी बायकोला बसवलं. तिने धर्मशाळेची मालकीण व्हायचं ठरवलं. "पुलावर धर्मशाळेची मालकीण कशाला येईल?" असं काटेकोरांनी विचारलं. "गिऱ्हाईक बिल न देता पळालंय," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी पुलावर चढली.

पहिल्या सिस्टिमीत घोडा दरीत गेला आणि त्याच्या पाठोपाठ शिलेदार. नापास. दुसरीचं पुस्तक उशीइतकं जाड. त्यात वाऱ्याचा वेग, दोराची जाडी आणि घोड्याचं वय धरून गणित करायचं होतं. काटेकोर सुखावले. सबंध दुपार तिघं आकडेमोड करत होते, चहा दोनदा झाला, आणि अखेर सगळं गणित बरोबर येऊन चौघंही व्यवस्थित, शास्त्रशुद्ध पद्धतीने मेले. तिसरीत फासे नव्हतेच. तिथे पत्ते उचलायचे आणि पत्त्यावर लिहिलेल्या प्रश्नाला मनापासून उत्तर द्यायचं. दातवाल्यांना प्रश्न आला, 'हा पूल तुला कुणाची आठवण करून देतो?' दातवाल्यांनी वडिलांचं नाव घेतलं, आणि मग त्यांना इतकं भरून आलं की पूल राहिला बाजूला, तिघांनी मिळून त्यांना शांत करायला संध्याकाळ लागली. जाताना ते म्हणाले की त्यांना फार हलकं वाटतंय, हीच घेऊ या. काटेकोरांनी आपल्या फायलीत लिहिलं : 'पूल ओलांडला गेला नाही. नापास.' चौथीचे नियम एका पानावर मावत होते. त्यात सगळे एका दमात पलीकडे पोचले आणि एकमेकांकडे बघत बसले. "झालं?" बायकोने विचारलं. ही नापास होण्याचं कारण काय लिहावं, यावर काटेकोर बराच वेळ पेन चावत बसले होते.

एव्हाना बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला होता. खालच्या बँकवाल्यांनी आधी नुसतं छत ठोकलं. पण ज्या दिवशी वरून दातवाल्यांचा आवाज आला, "अरे त्या म्हातारीला आधी ढकल, मग घोड्याचं बघू!" आणि त्यावर काटेकोरांच्या बायकोचा आवाज आला, "हात लावून तर बघ!", त्या दिवशी ते सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊनच वर आले. सेक्रेटरींनी टेबलावरचे फासे पाहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"जुगार?"

"छे हो. याच्यात कुणी जिंकत नाही," काटेकोर म्हणाले.

"जुगारातही तेच असतं," सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांनी सोसायटीच्या नियमांप्रमाणे ही सभा कौटुंबिक, सांस्कृतिक की व्यावसायिक, हे लेखी मागितलं. बँकवाल्यांनी मात्र खुर्ची ओढली, पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि मोठ्या अनुभवाने सल्ला दिला. "सिस्टीम घेताना एकच बघायचं. माणूस मेला तर पुढे काय? त्याची तलवार कुणाच्या नावावर होते? वारस लावलाय का? नसेल तर हात लावू नका." ज्या माणसाने मीटरखेरीज कुणाचा सल्ला घेतला नाही, त्याला आपल्याच दिवाणखान्यात हे निमूट ऐकावं लागलं. खाली जाताना बँकवाल्यांनी चिमटाही परत केला, आणि कुंडीतलं रोप वाकल्याचं सांगितलं.

दुकानातल्या सिस्टिमी संपल्या तेव्हा काटेकोरांनी परदेशातून एक मागवली. वर्णन वाचून ती थेट जुन्या पुस्तकाच्या वंशातली वाटत होती. ती आली, आणि पार्सलांच्या जकात कचेरीत अडकली. काटेकोर गेले. टेबलामागे एक जाड भिंगांचे साहेब बसले होते. पेटी उघडून त्यांनी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात फासे धरले होते, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते.

"पुस्तकाचा दर वेगळा, खेळण्याचा वेगळा. हे काय आहे?"

"खेळाचं पुस्तक."

"असा प्रकार नाही आमच्याकडे. खेळ असेल तर जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग खेळ नव्हे."

"मग पुस्तक म्हणा."

"पुस्तकात फासे कशाला? करून दाखवा."

खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला अशा मागणीतला न्याय लगेच पटतो. काटेकोरांनी तिथेच, टेबलावरच्या फायली बाजूला सारून, झुलता पूल उभा केला. शेजारच्या दोन कारकुनांनी खुर्च्या जवळ घेतल्या. एक कारकून घोड्यासकट दरीत गेला, दुसरा त्याला वाचवायला गेला आणि तोही गेला. साहेब मात्र पुलाच्या तोंडाशी उभे. "या पुलाच्या देखभालीची जबाबदारी कुणाकडे?" त्यांनी विचारलं. पुस्तकात तसं काही नव्हतं. "मग पूल सुरक्षित असल्याचा दाखला येईपर्यंत मी पाऊल टाकणार नाही." मागून शत्रू आले तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडेही कागदपत्रं मागितली. या सिस्टिमीत जिवंत राहिलेला हा एकमेव गडी. काटेकोरांना त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला. पेटीवर 'शैक्षणिक साहित्य' असं लिहून ती सुटली, आणि कारकुनांनी पुन्हा कधी येणार म्हणून विचारलं.

पण घरी तीच सिस्टीम लावली तेव्हा शिलेदार पुन्हा पडला. तेच दोर, तोच घोडा, उघड्यावर फासे, आणि तोच निकाल. महिना सरत आला होता. काटेकोरांनी फायलीत 'नापास' लिहिलं, आणि प्रेसवाल्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"तुला खेळायचंय तरी का?"

"म्हणजे काय? म्हणून तर तपासतोय."

"नाही. तुला नापास करायचंय. मास्तर रविवारी चाललाय. इतके दिवस आपण त्याच्याकडे जाऊन त्याचं एक खोकं बांधलं नाही. मी रोज इथे येऊन त्याच त्या पुलावरून पडतोय!" त्यांचा आवाज चढला. "वीट आला मला या पुलाचा."

दातवाल्यांनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं, हे जास्त लागलं. दोघं चपला घालून निघून गेले. काटेकोर टेबलाशी एकटेच बसले. आपण इतकी मेहनत घेतली, सोसायटीचा नोटिसांचा भडिमार सोसला, कचेरीचे जिने झिजवले, आणि वर हे ऐकायचं! थोडा वेळ त्यांनी स्वतःची समजूत घातली की खऱ्या मोजमापाची कदर जगात कुणाला नसते. मग ती समजूत पुरेना. मास्तर जाणार होते, आणि आता रविवारी त्या टेबलाशी कुणीच बसणार नव्हतं. त्यांना अचानक फार वाईट वाटलं, इतकं की बायकोने दिवा लावला तेव्हा त्यांनी तो बंद करायला सांगितला.

बायकोने दिवा तसाच ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि फोन लावला. एक लावला, दुसरा लावला, तिसऱ्यावर बराच वेळ बोलत राहिली.

रविवारी दुपारी बेल वाजली तेव्हा दारात दातवाले आणि प्रेसवाले होते आणि त्यांच्यामध्ये मास्तर. अंगावर प्रवासाचे कपडे. मुलगी संध्याकाळी गाडी घेऊन इथूनच त्यांना घेऊन जाणार होती. काळा चष्मा काढून त्यांनी काटेकोरांकडे पाहिलं.

"वहिनींनी सगळं सांगितलं. अरे, मला चोरून सिस्टीम निवडत होतास होय? मग सापडली?"

काटेकोरांनी मान खाली घातली. "एकही नाही. आपल्या जुन्याइतकी कुठलीच नाही, मास्तर. जवळजवळ प्रत्येकीत शिलेदार पडतो."

मास्तर हसायला लागले, आणि मग हसता हसता थांबले. पुस्तकांच्या चळतीतलं हाताला आलं ते त्यांनी उचललं. "ही घे. हिचं काय वाईट आहे?"

"हिच्यात..."

"असू दे. अरे, सगळ्यांची पसंती विचारत बसलास, पण मला कुणी विचारलंच नाही." मास्तर खुर्चीत टेकले. "इतकी वर्षं मी तुम्हाला डोंगर दाखवले, दऱ्या दाखवल्या. घोड्यावर बसलात तुम्ही. मी एकदाही खेळलो नाही रे. एकदाही नाही. मला आज खेळायचंय. गोष्ट तू सांग."

"मी?" काटेकोर हादरले. "मास्तर, मला एक खोटं वाक्य रचता येत नाही. मला फक्त तो पूल येतो."

"मग पूलच सांग. मी कुठे अजून ओलांडलाय तो?"

प्रेसवाल्यांनी तोंड उघडलं आणि दातवाल्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला. सगळे बसले. बायको काटेकोरांच्या शेजारी, धर्मशाळेची मालकीण म्हणून. काटेकोरांनी सवयीने फासा टेबलाच्या मधोमध ठेवला. मास्तरांनी तो उचलून परत त्यांच्यापुढे ठेवला.

"तिथे नको. गोष्ट सांगणाऱ्याला आडोसा लागतो. काहीतरी उभं कर पुढ्यात."

काटेकोरांनी चाचण्यांची फाईल उघडून उभी केली आणि तिच्यामागे फासा घेतला. मग त्यांनी पूल सांगायला सुरुवात केली. आधी जरा अडखळले; दोराची जाडी सांगून बसले. पण मास्तर डोळे मिटून ऐकत होते, आणि त्या चेहऱ्याकडे पाहून काटेकोरांना वारा सुचला, धुकं सुचलं, खाली कुठेतरी वाहणाऱ्या पाण्याचा आवाज सुचला. पाण्याचा आवाज त्यांना चांगला ठाऊक होता.

मास्तरांनी घेतला होता दरोडेखोर. जन्मभर वर्गात रांगा लावणारा हा सज्जन माणूस, पण गोष्टीत शिरल्याबरोबर त्याने प्रेसवाल्यांची थैली मारली, दातवाल्यांचा मंत्राचा दंड पळवला आणि धर्मशाळेच्या मालकिणीचं बिल बुडवलं. "चोरा!" प्रेसवाले ओरडले. "तुझ्यापेक्षा बरा," मास्तर म्हणाले. लहान पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. इतक्या दिवसांत या खोलीत असा गलका झाला नव्हता, आणि खालून कुणी छतही ठोकलं नाही.

"आता पूल," काटेकोर म्हणाले. "फळ्या कुजलेल्या आहेत. जपून, एकेक..."

"जपून कशाला? मी धावत जातो. आणि मधोमध पोचलो की मागचा दोर कापतो, म्हणजे हे सगळे अलीकडेच राहतील."

"मास्तर, मरशील!"

"धावतो," मास्तर म्हणाले. ते खुर्चीच्या कडेवर आले होते आणि दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. "टाक."

काटेकोरांनी फाईलच्या आड फासा टाकला. तो गडगडला, बायकोच्या कपाआड थांबला. वीस बाजूंच्या त्या फाशावर वर आला होता एक. याहून वाईट दान त्यात नव्हतं. नियम स्पष्ट होता, त्यांनी तो कितीदा वाचला होता. दरोडेखोर दरीत. खेळ सुरू होऊन पहिला चहासुद्धा संपला नव्हता, आणि गाडी संध्याकाळी येणार होती.

त्यांनी फाशाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर अजून टेबल धरून होते.

"पोचलास," काटेकोर म्हणाले. आवाज जरा घोगरा आला, म्हणून त्यांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं, "पलीकडे पोचलास. दोर कापलास, आणि उडी मारून काठ धरलास."

दातवाल्यांनी आणि प्रेसवाल्यांनी एकदम बोंब ठोकली. मास्तरांनी दोन्ही मुठी वर उडवल्या. काटेकोर मात्र हललेही नाहीत. बायकोने फाशाकडे पाहिलं होतं, हे त्यांना कळलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं; ज्या माणसाने घरच्या पाण्याच्या मीटरलासुद्धा कधी एका थेंबाची सूट दिली नव्हती, त्याच्याकडे. मग तिने कप उचलला, फासा बोटाने हळूच फाईलमागे सरकवला आणि म्हणाली, "बरोबर आहे. मी पाहिलं. पोचले."

खोटं सांगितल्याची लाज काटेकोरांनी शोधून पाहिली, पण ती सापडेना. त्याऐवजी छापखान्यातली ती दुपार डोळ्यांपुढे आली, आणि नकाशांमागे बराच वेळ फाशाकडे बघत बसलेले मास्तर. मग पुढच्या सगळ्या वर्षांतला एकेक रविवार आला, ज्यात कधी कुणीच मेलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले. "माझा शिलेदार त्या दिवशी... तो घोडा..."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेले ते डोळे अजून जरा लाल होते, पण त्यांना सगळं नीट दिसत होतं.

"ते नंतर," मास्तर म्हणाले. "आधी मला सांग. मी पलीकडे उभा आहे, धाप लागलीय. समोर काय दिसतंय?"

काटेकोरांनी एकदा नाक ओढलं, चष्मा पुसला. पुलाच्या पलीकडे काय असतं याचा त्यांनी आजवर कधी विचार केला नव्हता. मग ते सांगू लागले.